थंडीत सरळ झालेले पंख : नाशिकमधल्या एका एमएस्सी प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. काही हिवाळ्यांपूर्वी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे प्रकल्पाला आली. निफाडकडची, घरी द्राक्षबाग. विषय ठरला ड्रॉसोफिला. ओळख पटू नये म्हणून इथे नावं नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र झाल्या तशाच सांगते, त्यातली निम्मी माझी आहे.

पहिल्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "मॅडम, फळमाशीवर काम आहे म्हणे, मग आमच्या पेरूवर काही औषध सापडेल का?" शेतकऱ्याची फळमाशी वेगळी. ती आंब्याला, पेरूला, भोपळ्याला डंख मारून आत अंडी घालते. आमची ड्रॉसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट. मी तसं सांगितलं, तर ते हसले. "चिलटावर एमएस्सी!" मुलीला ते लागलं असावं, कारण पुढे तिने त्या चिलटांवर जीव ओतला.

आमची सोय बेताची. दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप, एक साधा मायक्रोस्कोप आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाबरोबर वाटून घेतलेला एक बीओडी, म्हणजे आतलं तापमान लावू तेवढं ठेवणारं कपाट. चमकणारे रंग लावून पेशीतली प्रथिनं दाखवणारा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही. माश्यांचं खाणं लॅबमधले मामा शिजवतात: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर, आणि बुरशी धरू नये म्हणून शेवटी थोडं प्रोपिऑनिक आम्ल. ज्या दिवशी ते शिजतं त्या दिवशी सगळ्या मजल्यावर काकवीचा वास असतो.

माश्यांचे दोन वाण पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीने दिले. परवानगीच्या कागदपत्रांवर स्वतंत्र लेख होईल, ते इथे सोडते.

गोट्यांची पिशवी

प्रकरण कळायला थोडं जीवशास्त्र लागेल. मला यातलाच भाग सगळ्यात आवडतो, म्हणून थोडी रेंगाळते.

मादी माशीच्या प्रत्येक अंडाशयात साधारण १६ ते २० नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या टोकाला जर्मेरियम नावाचा छोटा कोंब, आणि त्या कोंबाच्या शेंड्याला दोन-तीन मूलपेशी. माशी आयुष्यभर जी अंडी घालते ती सगळी या मूठभर पेशींच्या वंशातली. मूलपेशी दुभंगते तेव्हा तिच्या दोन लेकींपैकी एक शेंड्यावरच्या टोपीपेशींना चिकटून राहते आणि मूलपेशीच राहते. दुसरी एक घर खाली सरकते आणि अंड्याच्या वाटेला लागते. जनुकं दोघींची तीच. मग फरक कुठून येतो?

फरक येतो अंतरामुळे. टोपीपेशी डीपीपी नावाचं प्रथिन सोडतात. त्याचा पल्ला जेमतेम एका पेशीपुरता. जी लेक चिकटून आहे तिच्या पृष्ठभागावरची ग्राहक प्रथिनं हा निरोप पकडतात, आत मॅड नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं, ते मिडिया नावाच्या जोडीदाराला घेऊन केंद्रकात जातं आणि 'बॅम' या एका जनुकाच्या शेजारी बसून ते बंद ठेवतं. खाली सरकलेल्या लेकीपर्यंत निरोप पोचत नाही, बॅम चालू होतं, आणि पेशी चार वेळा विभागून १६ पेशींचा झुबका बनते. त्यातली एक अंडं होते, उरलेल्या १५ तिला पोसतात.

वर्गात मी पदराचं उदाहरण देते. जत्रेत आईचा पदर धरून असलेलं पोर लहानच राहतं, पदर सुटला की त्याला स्वतःचे पाय सापडतात. मुलं हसतात, पण परीक्षेत नेमकं लिहितात. एक गोष्ट मात्र उदाहरणात बसत नाही: मूलपेशी असणं म्हणजे काहीतरी खास चालू असणं, असं आपल्याला वाटतं. इथे बराचसा कारभार एक जनुक दाबून धरण्याचा आहे. हात काढला की पेशी पुढे निघते. पुढे निघाल्यावर बॅमचं प्रथिन आपल्या साथीदारांबरोबर नॅनोस या जनुकाच्या निरोपाचं प्रथिनात रूपांतर होऊ देत नाही. नॅनोस हे मूलपेशीपण टिकवणाऱ्यांपैकी एक. म्हणजे दाबणाऱ्याला दाबणारा, असा हा खेळ आहे.

बॅमच नसेल तर? खाली सरकलेल्या लेकी मूलपेशीसारख्याच राहतात आणि नुसत्या वाढत जातात. नळी छोट्या गोल पेशींनी ठासून भरते, अंडं तयार होत नाही, मादी वांझ. सूक्ष्मदर्शकाखाली ते गोट्यांनी भरलेल्या पिशवीसारखं दिसतं, म्हणून जनुकाचं नाव 'बॅग ऑफ मार्बल्स'. १९९० मध्ये ते प्रथम मांडलं गेलं. माशीवाल्यांना नावं ठेवता येतात, हे मान्य करावं लागतं.

प्रयोग

आम्हाला नवं काही शोधायचं नव्हतं. बॅम दाबलं की मादी वांझ होते हे स्वतःच्या हाताने करून बघायचं, तंत्र शिकायचं, एवढाच हेतू.

दाबायची रीत गाल४-यूएएस. ही जोडी १९९३ पासून माशीच्या कामात रुळली आहे. गाल४ हे मुळात यीस्टचं प्रथिन. एका वाणात ते नॅनोसच्या ताब्यात दिलेलं असतं, त्यामुळे फक्त जननपेशींत तयार होतं. दुसऱ्या वाणात बॅमविरुद्धचा आरएनएआय, म्हणजे बॅमचा निरोप पेशीतच मोडून टाकणारा तुकडा असतो, तो गाल४ भेटल्याशिवाय चालू होत नाही. दोन्ही वाणांचा संकर केला की पिल्लांच्या जननपेशींत बॅम दबतं.

इथे एक बारीक गोष्ट, आणि सगळं प्रकरण तिच्यावर फिरतं. आम्हाला मिळालेल्या वाणात आरएनएआय दुसऱ्या गुणसूत्राच्या एकाच प्रतीवर होता. जोडीच्या प्रतीवर होता 'कर्ली'चा बॅलन्सर, म्हणजे वाण मोडू नये म्हणून ठेवलेलं, उलटसुलट जोडलेलं गुणसूत्र. त्याची खूण म्हणजे वर वळलेले पंख. बापाकडून पिल्लाला यातली एकच प्रत मिळते. म्हणून निम्मी पिल्लं सरळ पंखांची, त्यांच्यात आरएनएआय. निम्मी कुरळ्या पंखांची, त्यांच्यात नाही. एकाच बाटलीत वाढलेल्या सख्ख्या बहिणी, एक गट प्रयोगाचा, दुसरा तुलनेचा. कागदावर फार देखणं.

अडचण

संकर लावला २ डिसेंबरला. माश्या निघाल्यावर मुलीने सकाळ-संध्याकाळ कुमारी माद्या वेगळ्या केल्या, बर्फाच्या ट्रेवर गार करून ब्रशने पंख बघत सरळ आणि कुरळ्या अशा वाटल्या. एकूण १२४. सरळ ८३, कुरळ्या ४१. सरळांमधल्या ४० माद्या एकेक व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, प्रत्येकीबरोबर साध्या वाणाचे दोन नर.

अपेक्षा अशी की चाळीसही वांझ निघतील. ११ व्हायलमध्ये अळ्या दिसल्या.

ती धावतच आली. "मॅडम, पार्शल आहे!" कारणही तिने शोधून ठेवलं होतं. गाल४ थंडीत मंद चालतं आणि २९ अंशांच्या आसपास जोरात, हे माशीवाल्यांना ठाऊक असतं. २५ अंशांना ते मधलं, म्हणून काही माद्यांत बॅम पुरेसं दबलं नसेल. शिवाय तिने वाचलं होतं की वाटेला लागलेल्या पेशी काही परिस्थितीत माघारी फिरून पुन्हा मूलपेशी होऊ शकतात. ते २००४ मध्ये माशीच्या अंडाशयातच दाखवलं गेलं आहे. बॅम थोडं चालू, थोडं बंद, काही पेशी पुढे, काही मागे: सुंदर गोष्ट तयार झाली. मी मान डोलावली. आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेच्या विभागीय फेरीसाठी सारांश लिहायला घे, असंही म्हटलं.

निर्णयाची पहिली जागा ती होती, आणि मी ती ओळखली नाही. स्पष्टीकरण जीवशास्त्राला धरून होतं, आणि नेमकं त्यामुळेच आम्ही दोघींनी पुढे काही विचारलं नाही. ते खुळचट असतं तर मी लगेच वही मागवली असती.

वही

वही मागवली ती सहीसाठी, आठवड्याने. पानं उलटताना दोन तारखांवर नजर अडली. संकर, २ डिसेंबर. पहिली माशी, २० डिसेंबर.

१८ दिवस. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. १८ अंशांना ते जवळपास दुप्पट होतात. माशी स्वतःच थर्मामीटर असते, फक्त तो वाचावा लागतो.

"बीओडी कितीवर आहे?"

"पंचवीस, मॅडम. रोज लिहिते मी." खरंच, रोजच्या तारखेपुढे तिने २५ लिहिलं होतं.

आम्ही खाली गेलो. आमच्या बीओडीवर दोन आकडे उमटतात, वर आतलं खरं तापमान आणि खाली आपण लावलेलं. वरचा आकडा कधीचा उडालेला. पोरगी खालचा लिहीत होती. मी दार उघडून हात घातला, तर आत फ्रिजमधून नुकतीच काढलेली भाजी हाताला लागावी तसा गारवा. मामा मागून म्हणाले, "हीटर तर दिवाळीपासून लागत नाही मॅडम. मला वाटलं तुम्हाला थंडच पाहिजे." उन्हाळ्यात बीओडी थंड करतो, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. हिवाळ्यात त्याला तापवावंही लागतं, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. शेजारच्या विभागातून पाऱ्याचा थर्मामीटर आणला: १७. रात्रभर ठेवला, पहाटे १५ झाला होता.

त्याच आठवड्यात निफाडला पारा इतका खाली गेला होता की तिचे वडील घड फुटू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागत होते. ती रोज सकाळी त्याबद्दल सांगायची. आम्ही दोघी बागेच्या थंडीबद्दल बोलायचो आणि मग मायक्रोस्कोपशी बसायचो.

आता गंमत बघा. बीओडी थंड निघाला तेव्हा तिला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. "म्हणजे गाल४ मंदच होतं! जे म्हटलं ते बरोबरच." तर्काने तिचं चुकत नव्हतं. चूक सापडली आणि त्या सापडण्यानेच चुकीच्या स्पष्टीकरणाला बळ दिलं.

मला अडत होतं ते ८३ आणि ४१. अर्धे-अर्धे असायला हवेत, ६२ आणि ६२. आधी मी ते सोडून दिलं होतं, कारण बॅलन्सरवाल्या माश्या थोड्या अशक्त असतात, कमी निघतात, हे नेहमीचं. पण दुप्पट फरक? आणि मग विद्यार्थिदशेत ऐकलेलं एक वाक्य वर आलं: कर्ली थंडीत भरवशाची नाही. १९ अंशांच्या आसपास वाढलेल्या कर्ली माश्यांपैकी काहींचे पंख साध्या माशीसारखे सपाट राहतात.

उरलेल्या ४३ सरळ माद्या अजून वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यातल्या डझनभर बर्फावर घेऊन दोघींनी पुन्हा पाहिल्या, या वेळी वरून न पाहता बाजूने, ट्रे डोळ्यांच्या पातळीला धरून. बहुतेकींचे पंख पाठीवर पसरलेले, सपाट. तिघींच्या पंखांचं टोक मात्र किंचित उचललेलं, ताटाच्या काठासारखं. वरून बघताना हे दिसत नाही. ती बराच वेळ आयपीसवरून डोळा काढेना. मग म्हणाली, "या मी सरळमध्ये टाकल्यात."

आकडेमोड पाटीवर केली. ६२ कर्लींपैकी २१ सरळ दिसल्या असतील, तर सरळांच्या ढिगात ८३ पैकी २१ घुसखोर, म्हणजे चौथा हिस्सा. चाळीसांत दहा. आम्हाला अळ्या दिसल्या होत्या ११ व्हायलमध्ये.

पर्याय

आता दोन स्पष्टीकरणं समोरासमोर. एक, गाल४ मंद, बॅम अर्धवट दबलं, म्हणून ११ माद्या सुपीक. दुसरं, त्या ११ पैकी बहुतेक मुळात आरएनएआय नसलेल्या कर्ली बहिणी. थंडीतून दोन्ही निघतात. दोन्ही एकत्रही खरी असू शकतात.

सारांश तसाच पाठवावा आणि तापमानाची टीप जोडावी, असा एक सूर विभागातूनच आला. "पार्शल लिहिलंय ना, खोटं कुठे आहे?" हा पर्याय मी लगेच फेटाळला असं लिहायला आवडलं असतं. दोन दिवस विचार केला. मुदत जवळ होती आणि मुलगी हुशार होती.

सगळं टाकून बीओडी दुरुस्त झाल्यावर नव्याने करायचं, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. त्यात महिना जाणार, आणि पहिल्या वेळी काय झालं ते कधीच कळणार नाही. ज्या चुकीचं कारण माहीत नाही ती पुन्हा होते, अशी माझी धारणा. विभागातल्या काहींना ही हौस वाटली.

पुण्याला अंडाशय नेऊन रंगवायचे, हाही पर्याय होता. निकाल डोळ्यांना दिसेल असा, पण मैत्रिणीच्या मायक्रोस्कोपवर वेळ मिळायला तीन आठवडे होते.

चौथा फुकटचा. त्या ११ आयांची पोरं २५ अंशांना वाढवायची आणि पंख बघायचे. नर साध्या वाणाचे होते. आई कर्ली असेल तर निम्म्या पोरांत कर्ली उतरणार, आणि उबेत ते लपणार नाही. आईकडे कर्ली नसेल तर एकही पोर कुरळं निघणार नाही. आईचे पंख खोटं बोलले, तरी तिची लेकरं बोलणार नाहीत.

हे करायला अडलं काय? तिने अळ्या दिसताक्षणी "सुपीक" लिहून व्हायल धुवायला टाकल्या होत्या. माद्या मात्र वेगळ्या ठेवलेल्या, जिवंत. थंडीत माशी जास्त जगते, तेवढं एक बरं झालं.

काय केलं

माद्या थंडीतच ठेवायच्या होत्या, कारण उबेत नेल्या तर गाल४ जोर धरेल आणि परिस्थिती बदलेल. अंडी मात्र उबेत वाढवायची. म्हणून प्रत्येक मादीला दोन दिवस नव्या व्हायलमध्ये ठेवून काढायचं आणि व्हायल उबेत न्यायची. ऊब कुठून आणायची? मामांचा भाचा गावाकडे कोंबडीची पिल्लं उबवतो. त्याच्याकडून थर्मोस्टॅट आला. थर्मोकोलचा खोका, ४० वॉटचा बल्ब, बल्बवर अल्युमिनियम फॉइलचा पडदा, आत पाण्याची वाटी. सहा तास निरीक्षण करून तापमान २५ च्या आसपास टिकलं, मग व्हायल आत.

त्या संध्याकाळी पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. तिने पहिल्याच मिनिटात भोक दाखवलं. "माद्या नक्की कुमारी होत्या का? कर्ली भावाशी आधीच जुळलेल्या असतील, तर आई साधी असूनही पोरं कुरळी निघतील." बरोबर होतं. २५ अंशांना माशी निघाल्यापासून आठेक तासांत मादी वेगळी करावी लागते. आमची सकाळ-संध्याकाळ त्या हिशेबाने धोक्याची. पण १८ अंशांच्या आसपास ही मुदत १६ तासांवर जाते. ज्या थंडीने आम्हाला फसवलं तिनेच इथे हात दिला. तरी मैत्रीण म्हणाली, "पोरांवर थांबू नका. शेवटी आयांचे अंडाशय आणा." ते ठरलं.

सारांश पाठवला नाही. हा निर्णय मी मुलीवर सोपवला, आणि आज वाटतं की सोपवायला नको होता. मार्गदर्शकाने स्वतः "नाही" म्हणावं. तिने रडून माघार घेतली आणि दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली.

निष्पत्ती

अकराव्या दिवशी खोक्यातून माश्या निघू लागल्या. ११ पैकी ९ व्हायलमध्ये निम्म्याच्या आसपास पोरं कुरळी. खरी कुरळी, होडीच्या टोकासारखी वर वळलेली. बाजूने बघायची गरजच नाही.

उरलेल्या दोन व्हायलमध्ये मोजकी पोरं, एकीत २६, दुसरीत ३१. सगळी सरळ. आई कर्ली असती तर नुसत्या २० पोरांतही एकही कुरळं न निघण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी. म्हणजे या दोघी खरोखर आरएनएआयवाल्या, तरीही आई झालेल्या.

म्हणून चाळीसांचा खरा हिशोब असा: ९ घुसखोर, ३१ अस्सल, आणि त्या ३१ पैकी २ सुपीक. मुलीचं स्पष्टीकरण खरं होतं, पण दोन माद्यांपुरतं. उरलेल्या नऊ जणी त्याच्या आडोशाला लपून बसल्या होत्या.

अंडाशय नाशिकमध्ये काढून, फिक्स करून, बर्फाच्या डब्यात घालून तिने पहाटेच्या एसटीने पुण्याला नेले. तिकडे दोन रंग लावले. एक जननपेशी दाखवणारा, वासा प्रथिनाचा. दुसरा पेशीतल्या एका खास घटकाचा, जो मूलपेशीत एकच गोल ठिपका असतो आणि पेशी पुढे निघाली की फांद्यांसारखा पसरत शेजारच्या पेशींना जोडतो. नऊ जणींच्या नळ्या साध्या माशीच्या: शेंड्यावर दोन-तीन ठिपके, खाली फांद्या, त्याखाली ओळीने वाढणारी अंडी. वांझ माद्यांच्या नळ्यांत फांदी नाहीच. ठिपकेच ठिपके, शेवटपर्यंत.

आणि त्या दोघी? तिने स्क्रीनवरून फोटो काढून मला पाठवला आणि खाली नुसतं "मॅडम" एवढंच. एकाच अंडाशयात शेजारी-शेजारी दोन नळ्या. एक ठिपक्यांनी ठासलेली. दुसरीत पूर्ण वाढलेलं अंडं. माशी तीच, जनुकं तीच, तापमान तेच. एका नळीत बॅम पुरेसं दबलं, शेजारच्या नळीत थोडं निसटलं, आणि पेशींनी तेवढ्यावर वाट धरली. कर्ली बहिणीच्या अंडाशयात अशी सरमिसळ दिसत नाही. आईच्या ओळखीबद्दल मैत्रिणीला जी शंका होती, ती इथे मिटली.

फेब्रुवारीत बीओडी दुरुस्त होऊन आला. २५ अंशांना पुन्हा संकर केला, ३० सरळ माद्या तपासल्या, एकीलाही अळी झाली नाही. मध्ये एक बाटली वाया गेली, कारण तोवर द्राक्षं सुरू झाली होती, वर्गात कोणीतरी घरचा खोका आणला आणि बाहेरची चिलटं खाण्याच्या बाटल्यांवर बसली. नाशिकमध्ये माशीचं काम करणाऱ्याने फेब्रुवारी ते एप्रिल कापसाची बुचं घट्ट लावावीत.

पुन्हा करायचं झालं तर

बीओडीत आता पाऱ्याचा थर्मामीटर दोऱ्याला टांगलेला आहे आणि वहीत तोच आकडा लिहायचा. पण हे वरवरचं. थर्मामीटर असता तरी आम्ही "थंड होतं, म्हणून पार्शल" यावरच थांबलो असतो.

खरी चूक संकराच्या आखणीत होती. पंख बघून वाटायची गरजच नको होती. त्या वाणातल्या सरळ पंखांच्या माश्या २५ अंशांना निवडल्या असत्या, तर त्यांच्या दोन्ही प्रतींवर आरएनएआय असता, कारण दोन्ही प्रती कर्लीच्या असलेली माशी जगतच नाही. काही वाणांत दोन्ही प्रतींवर आरएनएआय असलेल्या माश्याही जगत नाहीत, आमच्यात जगत होत्या. त्यांचा वेगळा वाण करायला दोन-तीन आठवडे. मग संकरातलं प्रत्येक पिल्लू आरएनएआयवालं, वाटणी नाही, घुसखोर नाही. तुलनेसाठी गाल४ वाणाचा साध्या माशीशी संकर शेजारी ठेवायचा, त्याच तापमानाला. ते दोन-तीन आठवडे मला सुरुवातीला जास्त वाटले होते.

तुलनेचा गट किती महत्त्वाचा, याचं एक कारण मला नंतर सुचलं. १२ अंशांच्या खाली गेलं की साध्या माशीचे अंडाशयही पिकायचे थांबतात. पहाटे १५ झालं, आणखी तीन अंश गेलं असतं तर आमच्या सगळ्याच माद्या वांझ दिसल्या असत्या आणि आम्ही प्रयोग यशस्वी म्हणून पेढे वाटले असते.

आणि ८३-४१. ते वहीत पहिल्या दिवसापासून होतं. निकाल मोजण्याआधी वाटणी मोजावी, ती बसत नसेल तर पुढे जाऊ नये, एवढं मी आता प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला करून घेते. फळ्यावर तेच दोन आकडे लिहिते. मुलं विचारतात, यात काय आहे. मी सांगत नाही, त्यांना सापडेपर्यंत थांबते. साधारण वीस मिनिटं लागतात.

प्रबंध तिने एप्रिलमध्ये दिला. शीर्षक २५ अंशांच्या प्रयोगावर, तीसपैकी शून्य, स्वच्छ. दोन नळ्यांचा तो फोटो तिने शेवटी परिशिष्टात घातला. तो मुख्य प्रकरणात घे, असं मी तेव्हा म्हटलं नाही. परीक्षकांना स्वच्छ निकाल आवडतो, असा हिशोब माझ्या डोक्यात होता. परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं की नाही, आठवत नाही. फोटो माझ्या टेबलावर काचेखाली आहे.